आनुपूर्वी: आपल्या घरातलं जुनं अंककोडं



चौविहार असल्यामुळे आमच्याकडे स्वयंपाकघर सूर्यास्ताआधीच आवरलेलं असतं. दुकान मात्र साडेआठपर्यंत उघडं राहतं. लोणावळ्यात शनिवार-रविवारी गर्दी किती असते हे तुम्हाला सांगायला नकोच. गल्ला मोजून, उधारीची वही मिटवून वर आले की पाय थकलेले असतात, पण डोकं काही थांबत नाही. कुणाचे किती राहिले, उद्या कुठला माल येणार, मुलीची फी कधी भरायची, हेच फिरत राहतं. असं असताना मला फोनवर सुडोकू सोडवायची सवय लागली. नऊ खाने, नऊ अंक, आणि अर्ध्या तासासाठी उधारीची वही डोक्यातून हद्दपार.

सासूबाईंना ते आवडायचं नाही. एकदा म्हणाल्या, "दिवसभर आकडे आणि रात्रीही आकडेच? आकडेच हवेत तर आनुपूर्वी घे ना."

मी हसले. आनुपूर्वी म्हणजे धर्माची पुस्तिका, ती खेळायची गोष्ट थोडीच आहे, असं मला वाटलं. माहेरी लहानपणी ती वाचलेली होती, पण आकडा बघायचा आणि पद म्हणायचं, याच्या पलीकडे कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री पुन्हा उघडली, आणि मग तिच्यामागचा इतिहास शोधत गेले. तो शोधताना मला आपला मावळही सापडला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ज्यांच्या घरी आनुपूर्वी नाही त्यांच्यासाठी. नवकार मंत्राच्या पहिल्या पाच पदांना एक ते पाच क्रमांक दिलेले असतात. १ म्हणजे अरिहंतांना नमस्कार, २ म्हणजे सिद्धांना, ३ आचार्यांना, ४ उपाध्यायांना आणि ५ म्हणजे लोकातल्या सर्व साधूंना. पुस्तिकेत २० कोष्टकं असतात. प्रत्येक कोष्टकात सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच आकडे. पहिलं कोष्टक असं आहे:

१ २ ३ ४ ५
२ १ ३ ४ ५
१ ३ २ ४ ५
३ १ २ ४ ५
२ ३ १ ४ ५
३ २ १ ४ ५

आकडा दिसेल ते पद म्हणायचं. पाठ झालेला नवकार आपण झोपेतही म्हणू शकतो. तोंड म्हणत असतं आणि मन बाजारात फिरत असतं. इथे तसं चालत नाही. ३ १ २ ४ ५ म्हणताना लक्ष हललं की जीभ लगेच आपल्या सवयीच्या क्रमाकडे पळते. म्हणजे चूक झाली हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. मन भटकलं की पकडलं जातं, यासाठीच ही रचना आहे.

आता कोष्टक नीट बघा. सहाही ओळींत शेवटचे दोन आकडे तेच आहेत, ४ आणि ५. फक्त पहिले तीन जागा बदलतात. तीन वस्तू सहाच प्रकारे मांडता येतात, म्हणून ओळी सहा. शेवटच्या दोन जागी कोणते आकडे बसवायचे? शेवटच्या जागी पाचांपैकी कोणताही एक, त्याच्या आधीच्या जागी उरलेल्या चारांपैकी एक. पाच गुणिले चार, वीस. म्हणून कोष्टकं वीस. वीस गुणिले सहा, एकशे वीस. पाच पदं जितक्या प्रकारे मांडता येतील तितके सगळे क्रम यात आहेत. एकही सुटलेला नाही आणि एकही दोनदा आलेला नाही.

या नावाचा उगम आगमात आहे. अनुयोगद्वार सूत्र परंपरेने आर्यरक्षितांचं मानलं जातं. त्यात कोणतीही यादी तीन प्रकारे म्हणता येते असं सांगितलं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलो तर पूर्वानुपूर्वी. शेवटून पहिल्याकडे आलो तर पश्चानुपूर्वी. आणि या दोन्ही सोडून बाकी कोणताही क्रम म्हणजे अनानुपूर्वी. असे अनानुपूर्वी क्रम किती, हे काढायची रीतही तिथेच आहे: एकपासून एकेकाने वाढणारे आकडे एकमेकांशी गुणत जा आणि आलेल्या संख्येतून दोन वजा करा. दोन कशासाठी? सरळ आणि उलटा हे दोन क्रम आधीच वेगळे मोजले, म्हणून. पाचांसाठी १ × २ × ३ × ४ × ५ म्हणजे १२०, वजा २, म्हणजे ११८. सहा द्रव्यांची यादी घेतली तर ७२० वजा २, म्हणजे ७१८.

हेच गणित आज आपली मुलं अकरावी-बारावीला 'क्रमचय' म्हणून शिकतात. स्थानांग सूत्रात गणिताचे जे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत 'विकल्प' हा एक आहे. वस्तू किती प्रकारे निवडता येतात आणि मांडता येतात, याचा विचार म्हणजे विकल्प. आपल्या आचार्यांना मोजायची फार हौस होती. काळ, क्षेत्र, जीव, कर्म, सगळं त्यांनी मोजून पाहिलं. त्या सूत्राची रीत चोवीस तीर्थंकरांच्या नावांना लावून बघा. एक ते चोवीस गुणत गेलं की २४ अंकी संख्या येते. ते सगळे क्रम म्हणायला कुणाचंही आयुष्य पुरणार नाही. पाच पदांचे १२० मात्र एका बैठकीत होतात. १२० ओळी, प्रत्येकी पाच पदं, म्हणजे ६०० पदं. सामायिकाची ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद. एका पदाला जवळपास पाच सेकंद मिळतात. घाई न करता, अर्थ मनात आणून म्हणायला तेवढे पुरतात.

आता मावळाकडे येते. आपल्या भागात लेणी म्हटली की कार्ला, भाजे, बेडसे हीच आठवतात आणि ती बौद्ध लेणी आहेत. पण मावळातच पाले नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरातल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक छोटा लेख कोरलेला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. अक्षरांच्या वळणावरून तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणं आणि पाण्याची पोढी करवली, एवढाच त्यातला मजकूर. पण लेखाची सुरुवात होते ती अरहंतांना नमस्काराने. या सुरुवातीमुळेच तो जैन लेख मानला गेला, आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना होते. लोहगडाच्या परिसरातही तशाच स्वरूपाचा एक लेख अलीकडे उजेडात आला आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसले. आपण मावळात कुठून कुठून आलो. कुणाचे आजोबा मारवाडातून, कुणाचे गुजरातेतून, कुणी दोन पिढ्यांपूर्वी पुण्याहून. आपल्याला वाटतं, इथे आपला धर्म आपणच पेटीत घालून आणला. आणि इथल्या डोंगरात नवकाराचं पहिलं पद दोन हजार वर्षं कोरलेलं होतं.

तिथे एकच पद आहे, हे लक्षात ठेवा. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत राजा खारवेलाचा प्रसिद्ध लेख आहे. त्याच्या सुरुवातीला दोन पदं आहेत, अरहंतांना आणि सिद्धांना नमस्कार. दिगंबर परंपरेतल्या षट्खंडागमाच्या मंगलाचरणात पाचही पदं आहेत. आपण नवकार अनादि मानतो, आणि माझीही तीच श्रद्धा आहे. दगडावर किती कोरलं गेलं हा इतिहासाचा प्रश्न आहे, मंत्र कधीपासून आहे हा श्रद्धेचा. दोन्ही एकाच घरात राहू शकतात. पण गणिताच्या अंगाने पाहिलं तर गंमत वाटते. पाल्यात एक पद, त्याचा क्रमही एकच. हाथीगुंफेत दोन पदं, त्यांचे क्रम दोन. पाच पदं झाली आणि क्रम एकदम १२० झाले.

आपल्याकडे अंकांचा हा छंद पुढेही चालू राहिला. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांचा 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ फक्त गणितासाठी लिहिलेला आहे. त्यांची उदाहरणं आपल्या घरातली वाटतात. हिरे, नीलम, पाचू, पोवळी आणि मोती यांतून निवडून हार करायचा तर किती प्रकार होतील? एकेक, दोन-दोन, तीन-तीन असं घेत पाचांपर्यंत गेलं की उत्तर येतं ३१. तुरट, कडू, आंबट, खारट, तिखट, गोड या सहा रसांतून चवी किती जमतील? ६३. स्वयंपाकघरात उभं राहून सोडवता येतील अशी ही कोडी आहेत. हारासारख्या दिसणाऱ्या संख्याही त्यांनी दिल्या आहेत. १४२८५७१४३ ला ७ ने गुणून बघा. उत्तर येतं १००००००००१, दोन टोकांना एक-एक मणी आणि मधे शून्यांची माळ.

खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार बाय चारचा एक अंकचौकोन कोरलेला आहे. मंदिर दहाव्या शतकातलं. त्या चौकोनाला चौतीसा यंत्र म्हणतात:

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

आडवी बेरीज करा, उभी करा, तिरकी करा, ३४ च येते. कोपऱ्यातले कोणतेही शेजारचे चार खाने घ्या, तरी ३४. आपल्या बऱ्याच घरांत पैंसठिया यंत्र असतं. त्यात १ ते २५ अंक असतात आणि प्रत्येक ओळीची बेरीज ६५ येते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत खिलजींच्या टांकसाळीत काम केलेले ठक्कुर फेरू हे जैन गृहस्थ होते. त्यांनीही गणितावर ग्रंथ लिहिला आणि त्यात असे चौकोन मांडायच्या रीती दिल्या. दिवसभर नाणी आणि सोन्याचा कस मोजणारा माणूस पुन्हा आकड्यांकडेच वळला, हे मला फार ओळखीचं वाटलं.

आपल्या महाराष्ट्रात अलीकडच्या काळात असा एक माणूस होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पुढे नाशिकजवळ देवळालीला आयुष्यभर शाळेत शिकवलं. शाळा सुटली की ते आकड्यांशी खेळत बसायचे. जादूचे चौकोनही त्यांच्या आवडीचे होते. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोहोचते. कापरेकर जैन नव्हते, पण त्यांची रीत बघा: एक क्रम चढता, एक उतरता. पूर्वानुपूर्वी आणि पश्चानुपूर्वी यांची वजाबाकीच ती. त्या काळी अनेकांनी याला पोरखेळ म्हटलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे शाळामास्तर कळले.

आणि माझं सुडोकू? ते मला जपानी वाटायचं. पण आजच्या रूपातलं कोडं पहिल्यांदा छापलं गेलं अमेरिकेत, १९७९ मध्ये. ते हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुविशारदाने रचलं असं मानतात. १९८४ मध्ये ते जपानमध्ये गेलं, तिथे त्याला हे नाव मिळालं, आणि २००४ नंतर वर्तमानपत्रांतून जगभर पसरलं. त्याचा नियम काय? प्रत्येक आडव्या ओळीत प्रत्येक अंक एकदाच. आनुपूर्वीच्या प्रत्येक ओळीचाही नियम तोच. सासूबाई म्हणाल्या होत्या त्यात चूक नव्हती.

आता घरातली गोष्ट सांगते. आनुपूर्वीची रचना कळल्यावर मी आमच्या जुन्या पुस्तिकेची सगळी कोष्टकं तपासायला घेतली. ज्या कोष्टकात शेवटचे दोन आकडे ३ आणि ५ आहेत, तिथे २ १ ४ ३ ५ ही ओळ दोनदा छापलेली दिसली. २ ४ १ ३ ५ कुठेच नव्हती. खात्री करायला उभ्या बेरजा केल्या. पहिल्या तीन रकान्यांची बेरीज प्रत्येकी १४ यायला हवी. दुसऱ्या रकान्याची ११ आली आणि तिसऱ्याची १७. छापणाऱ्याची चूक पकडली म्हणून मला केवढा आनंद! पुस्तिका घेऊन धावत सासूबाईंकडे गेले.

"आई, हे बघा, इतकी वर्षं तुम्ही चुकीची ओळ म्हणत होता."

त्यांनी पुस्तिका हातात घेतलीही नाही. म्हणाल्या, "पाचवी ओळ ना? ती चूक आहे हे मला माहीत आहे. मी तिथे बरोबरच म्हणते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सहा वेळा फिरवायचं असतं. तेच पुन्हा आलं की जीभ सांगते, हे झालंय."

माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या आहेत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रोज संध्याकाळी आनुपूर्वी म्हणताना पाहत होते, आणि मनातल्या मनात समजत होते की ही बिनअर्थाची घोकंपट्टी आहे. मला बेरजा करून जे सापडलं, ते त्यांना कधीपासून ठाऊक होतं. बोलल्या का नाहीत? कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढे त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, आता आनुपूर्वी राहणार. त्या आसनावर बसल्या, मुहपत्ती बांधली आणि पुस्तिकेशिवाय सुरू झाल्या. डाव्या हाताच्या बोटांवर शेवटचे दोन आकडे धरून ठेवायच्या आणि उरलेले तीन फिरवायच्या. सहा झाले की बोट बदलायचं. मी समोर पुस्तिका घेऊन बसले आणि ओळीन् ओळ ताडून पाहिली. वीसही कोष्टकं झाली. एकही ओळ चुकली नाही, आणि छापलेली चूकही त्यांनी सुधारूनच म्हटली.

मी त्यांना म्हटलं, "आई, हे बारावीचं गणित आहे." त्या म्हणाल्या, "असेल बाई. मला तर नवकारच वाटतो."

पुस्तिकेत लिहिलेलं असतं की आनुपूर्वी गुणल्याने सहा महिन्यांच्या तपाचं फळ मिळतं. तरुण मुली हे वाचून हसतात, मीही हसले होते. आता मी ते असं समजते: तप म्हणजे शेवटी इच्छेला आवर घालणं. ४८ मिनिटं मनाला एका ओळीवरून दुसरीवर नेणं, ते निसटलं की परत आणणं, हेही आवर घालणंच आहे. भिंतीवर यंत्र लावून पैसा येतो की नाही या वादात मला पडायचं नाही. पण यंत्र भिंतीवर नुसतं लटकवून ठेवण्यापेक्षा एकदा त्याच्या बेरजा करून पाहाव्यात, एवढं मात्र मी नक्की म्हणेन. ज्यांनी ते रचलं त्यांनी बेरजा केल्या होत्या.

सुडोकू मी सोडलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण सामायिकात फोन चालत नाही, आणि त्या वेळेला आता आनुपूर्वी आहे. फरक एवढाच जाणवतो की सुडोकू सुटलं की संपतं आणि लगेच दुसरं हवंसं वाटतं. आनुपूर्वी १२० ओळींनंतर संपते तेव्हा काहीच नकोसं वाटतं. उधारीची वही खाली दुकानातच राहते.

माझी मुलगी आठवीत आहे आणि गणिताला घाबरते. मागच्या चातुर्मासात मी तिला कोष्टकं दिली नाहीत. पाच पदं पाच चिठ्ठ्यांवर लिहून दिली आणि सांगितलं, किती प्रकारे लावता येतात ते तूच शोध. दोन दिवस जमिनीवर चिठ्ठ्या पसरून बसली होती. ९० च्या पुढे गेल्यावर तेच तेच क्रम पुन्हा यायला लागले आणि ती रडकुंडीला आली. तेव्हा आजी तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "शेवटचे दोन धरून ठेव." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मधे गेले नाही.

तुमच्या घरीही कपाटात कुठेतरी आनुपूर्वी असेल. आज संध्याकाळी ती काढा आणि एका कोष्टकाच्या उभ्या बेरजा करून बघा. शेवटचे दोन रकाने म्हणजे त्या आकड्यांची सहापट, आणि पहिले तीन रकाने एकमेकांशी सारखे. नसतील तर कुठेतरी छापायची चूक आहे. आणि घरात आजी असतील तर आधी त्यांना विचारा.

मिच्छामि दुक्कडं, काही कमी-जास्त लिहिलं असेल तर.